डाग पुन्हा दिसेपर्यंत

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक घाईकाकूंच्या हातात, दुसरं काकांच्या, आणि मधून पाण्याची धार बादलीत पडत होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. काकांच्या डोक्याचे कालचे फोटो बघून झालेत, दोघंही लगेच या. काकूंनी चादर तशीच बादलीत टाकली.

"बघा, चांगली बातमी असली की डॉक्टरांनाही धीर धरवत नाही," त्या म्हणाल्या.

"धीराबद्दल तू बोलतेस?" काका हसले.

काकूंचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नाही. दूध वर यायच्या आधीच उतरवायचं, बस थांबायच्या आधीच दारात उभं राहायचं, देवापुढे डोळे मिटले तरी कान कुकरच्या शिट्टीकडे. म्हणून त्या घाईकाकू. काका चौकातल्या टपरीत किल्ल्या करत. हातात कानस आली की त्यांना जगाचा विसर पडे. एक सदा पळते आणि एक सदा बसतो, म्हणून संसार जागेवर राहिला, असं शेजारणी म्हणायच्या.

मग काकांच्या किल्ल्या परत येऊ लागल्या. "काका, लागत नाही हो ही." आधी कधीतरी, मग रोजच. त्यात डोकं ठणकायचं ते वेगळंच. चादर पिळायला उभे राहिले तर काकू जिकडे पीळ देत तिकडेच तेही देऊ लागले. चादर नुसती गोल फिरायची, पाणी काही निघायचं नाही. काकू आधी चिडल्या, मग घाबरल्या.

एमआरआय झाला. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. शिरेतून औषध सोडल्यावर मेंदूच्या अगदी आतल्या भागात एक डाग सगळीकडून सारखाच पांढरा उजळला होता. "लिम्फोमा वाटतोय. हा कॅन्सरच, पण औषधांना दाद देणारा. मात्र नुसत्या फोटोवर विसंबून औषध सुरू करता येत नाही. सर्जन सुईने तुकडा काढतील, तो तपासू. तोवर मेंदूची सूज उतरवायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या नकोत." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुकडा काढायची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. पुढचा आठवडा! काकूंच्या पायाखाली निखारे पेटले. त्या तडक धाकट्या दिराच्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि सगळं सांगून त्याच सुजेच्या गोळ्या मागितल्या.

"डॉक्टर नको म्हणालेत ना, वहिनी?"

"त्यांना काय जातंय? रात्रभर डोकं धरून कोण बसतं? तुमचा सख्खा भाऊ आहे, भाऊजी. कुणी परका नाही."

दिराने मान खाजवली. वहिनीला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. "सूज उतरवायला देतात खरी ही," असं पुटपुटत त्याने गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं.

आणि काय सांगावं, चार दिवसांत काका पहिल्यासारखे झाले! किल्ल्या लागू लागल्या, चादरीतून धो धो पाणी निघू लागलं. काकू देवापुढे बसल्या ते डोळे पुसतच उठल्या. काल सुईची जागा ठरवण्यासाठी पुन्हा एमआरआय झाला आणि आज हा फोन.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते. जुन्यात पांढरा डाग, नव्यात जेमतेम सावली.

"देवा, पावलास रे!" काकूंनी हात जोडले.

बाई हसल्या नाहीत. "गोळ्या कुणी दिल्या?"

काकूंनी जोडलेले हात पदराखाली घेतले.

"डाग गेला नाहीये, लपलाय. ही गाठ त्या गोळीने काही काळ विरघळते आणि परत उगवते. आता सर्जन सुई घालणार कुठे? आणि घातली तरी हाती काही लागेल याची खात्री नाही. तुकड्याशिवाय औषध नाही."

"म्हणजे बरा झालेला माणूस परत आजारी पडायची वाट बघायची?"

"मी नको म्हटलं होतं."

"नको म्हणालात! का नको, ते कुठे सांगितलंत? एक वाक्य जास्त बोलला असतात तर जीभ झिजली असती का?"

बाईंनी चष्मा काढला. "सांगायला हवं होतं," त्या हळू म्हणाल्या. "आता तरी ऐका. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. मी लिहून देते तशा कमी करत बंद करायच्या. मध्येमध्ये फोटो काढत राहू. डाग दिसला की लगेच सुई. मधे एक जरी जास्तीची गोळी गेली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि असा उशीर होत गेला तर गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही."

"बरोबर आहे," काका शांतपणे म्हणाले. "कुलूपच समोर नसेल तर किल्ली कापणार कशावरून?"

"तुम्ही गप्प बसा! तुमचं डोकं आहे ते, टपरी नव्हे!"

घरी आल्यावर बादलीतली चादर तशीच होती. दोघांनी टोकं धरली. काकांनी उलट्या बाजूने असा पीळ घातला की पाण्याचा थेंब राहिला नाही. कालपर्यंत हे बघून काकूंचा ऊर भरून यायचा. आज त्यांना ते हात बघवेनात. हेच हात चुकायची वाट बघायची? डाग जाऊ दे म्हणून देवाला साकडं घातलं होतं. आता तोच डाग परत दाखव, असं कोणत्या तोंडाने मागायचं? त्या देव्हाऱ्यासमोर गेल्या. हात जोडले गेले, पण शब्द फुटेना. तशाच मागे फिरल्या. देवाशी एवढा अबोला त्यांनी जन्मात धरला नव्हता.

"अगं, एखादं पाकीट राहू दे घरात," काका दोरीवरच्या चादरीला चिमटे लावता लावता म्हणाले. "डोकं फारच उठलं तर असावं. नाहीतर राहू दे, आपला भाऊ आहेच. मी मागितल्यावर तो काय नाही म्हणतोय!"

काकूंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. नाही म्हणणार नाहीच तो. काकूंना तरी कुठे म्हणाला होता?

त्यांनी पदराला हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"आता कुठे?"

"भाऊजींच्या दुकानात. त्यांना बजावून येते. तुम्ही मागितली तरी गोळी द्यायची नाही, आणि मी रडत गेले तरी द्यायची नाही."