चिखलदऱ्याची साक्ष

रूथ, समीर, बाळांनो,

परवा फोनवर रूथ म्हणाली, "आजी, तुझी ती डोंगरावरची गोष्ट लिहून पाठव ना, माझ्या दृढीकरणाच्या, कन्फर्मेशनच्या दिवशी चर्चमध्ये वाचायची आहे." मी हो म्हटलं. लगेच लिहायला बसलेसुद्धा. आणि पहिल्याच वाक्यावर हात थांबला — कारण तिथे खरं काय झालं ते मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

एरवी तुम्हाला मी इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, बाबा वाचून दाखवतील. इंग्रजीत माझं सगळं फार नेटकं होतं, आणि नेटकं खोटं बोलण्याची मला आयुष्यभराची सवय आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नाताळाच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांचं शिबिर चिखलदऱ्याला गेलं. तिथे सकाळच्या प्रार्थनेत आजीच्या छातीत ऊब पसरली, धुक्यातून कुणीतरी तिचं नाव घेतलं, आणि आजी कायमची बदलली. झोपताना तुम्ही ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचात. तिच्यात सुलोचना कधीच नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं का? कसं येणार — मीच तिला काढून टाकलं होतं.

सुलोचना माझी मैत्रीण. तिचे वडील आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवत. फार कडक माणूस. आम्ही दोघी एकाच सायकलवर कॉलेजला जायचो आणि एकाच सायकलवर परत यायचो. शिबिरालाही सोबत गेलो. शहराबाहेरची वाडी मागे पडेपर्यंत एसटीत सगळे गात होते, आणि सर्वांत मोठ्यानं ती.

शिबिराची एक रीत होती. पहिल्या दिवशी प्रत्येकानं रानातून एक काटकी उचलायची — ते आपलं जुनं जीवन. शेवटच्या सकाळी अंगणात शेकोटी पेटायची. ज्याला प्रभूचा स्पर्श झाला त्यानं पुढे यायचं, साक्ष द्यायची आणि काटकी आगीत टाकायची.

त्या सकाळी तोंड धुताना सुलोचनानं हळूच विचारलं, "मले तं काहीच नाही झालं वं. तुले झालं का?"

मलाही काही झालं नव्हतं. मी गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली होती; मिळाली ती फक्त थंडी. मी नाही अशी मान हलवली. तिला केवढं हायसं वाटलं! म्हणाली, "मंग आपण दोघी गुमान बसून राहू. काड्या घरी नेऊ आन् बंबात टाकू. पाणी तरी तापन."

आम्ही हसलो. ठरलं.

आणि मग एकेक जण उठत गेला. रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. बाकावर आम्ही दोघीच उरलो. सगळे आमच्याकडे बघत होते — आणि मी उठले. ऊब, धुकं, माझं नाव — सगळं तिथल्या तिथे सुचलं. माझी काटकी चटकन पेटली. देवाच्या नावानं खोटं बोलले आणि आभाळ कोसळलं नाही. काहीच झालं नाही. ते 'काहीच नाही' मला तेव्हापासून सोडत नाही.

आता ती एकटी. आमचे तरुण पाळक काही वाईट मनुष्य नव्हते. डोळे पुसत म्हणाले, "बाळ, आत काही लपवलेलं असेल तर तेच आड येतं." सगळे तिच्याभोवती जमले, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. माझाही हात होता. तेल लावलेले तिचे केस अजून तळव्याला जाणवतात. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

शेवटी ती पुटपुटली — कॉलेज सुटल्यावर शहरातल्या महाल भागातल्या एका मुलाला भेटते. "हालेलूया!" झालं. तिची काटकीही जळाली.

असा मुलगा नव्हता. सायकलवर रोज माझ्यामागे कोण बसत होतं?

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "पोरगा तं मी आणला वं, नाव तूच ठेव." मला हसू आलं नाही. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुले खरंच झालं का?"

मी म्हटलं, "हो."

"बरं झालं. एकीले तरी."

आमच्या पिशव्या उघडण्याआधी बातमी तिच्या घरी पोचली. तिचं कॉलेज बंद झालं. तिची आई आमच्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "तू तं रोज तिच्यासंग असतं. खरं सांग वं माय, हाये का कोणी?" एक 'नाही' पुरलं असतं. पण तिची साक्ष खोटी म्हटली, तर माझी कशी होती असं कुणी विचारलं असतं ना? मी म्हटलं, "मला माहीत नाही, काकू."

उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं, दूर बिलासपूरकडच्या एका विधुराशी. तिनं पुन्हा कधी चर्चची पायरी चढली नाही, असं कानावर आलं. आणि मी? दर वर्षी साक्ष देत गेले. दर वर्षी ती थोडी सुंदर होत गेली. आजोबांच्या घरून मला मागणी आली ती त्या साक्षीमुळे. ते शेकोटीपाशीच उभे होते. म्हणजे तुमचे बाबा, आणि तुम्हीसुद्धा — नको, हे वाक्य मला पुरं करवत नाही.

सुलोचना गेल्याचं एका रविवारी चर्चच्या सूचनांमध्ये कळलं. मी इतरांबरोबर उभी राहिले आणि इतरांबरोबर खाली बसले. त्या संध्याकाळी महिला मंडळात साक्ष द्यायची माझी पाळी होती. मी दिली.

तिथे वर, डोंगरावर, मला कुणी भेटलं नाही, बाळांनो. नंतरही नाही. मी अजून रोज गुडघे टेकते, आणि अजून फक्त थंडीच असते.

शिबिराहून निघताना घाईत आमचे पेले बदलले. तिचा माझ्या पिशवीत आला; परत करायला मी कधी गेले नाही. पितळेचा, काठाला पोचा आलेला, तांदळाच्या डब्यात असतो तोच. रूथ, लहानपणी तू त्यावर कोरलेलं नाव बोटानं गिरवायचीस, बाबांकडून वाचून घ्यायचीस आणि विचारायचीस, सुलोचना कोण? मी म्हणायचे, जुनं भांडं आहे, कुणाचं कोण जाणे.

तो पेला अजून आहे. आज सकाळीही मी त्यानंच तांदूळ मोजून घेतले.