डाव्या गालावरच्या चिनी सुया

माझं लग्न जुळायच्या आठवड्यात माझं तोंड मला न विचारता उजवीकडे निघून गेलं.

सकाळी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट बनियनवर! डावा डोळाही मिटेना. आणि रविवारी वडनेरचे पाहुणे मुलगा (म्हणजे मलाच!) बघायला आमच्या गावी, सिंदीला येणार होते. त्यांची मुलगी मला फार आवडली होती, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, भुवया उचला. शिवाय ते चिनी पद्धतीच्या सुयाही टोचत. बाबांचा व्यायामावर विश्वास नव्हताच. 'चिनी' ऐकल्यावर डॉक्टरांवरचाही उडाला.

"ज्यायनं आपल्याशी लढाई केली, त्यायच्या सुया माह्या पोराच्या थोबाडात?"

त्यात डॉक्टरांनी सुया टोचल्या डाव्या गालात!

"तोंड गेलं उजवीकडे, अन् तुम्ही काऊन डावीकडे टोचून राह्यले?"

"डावी बाजू लुळी पडलीय काका. उजवी चांगली आहे, म्हणून तोंड ओढून घेते."

बाबा बाहेर येऊन म्हणाले, "चिन्यायनं हेच शिकवलं असन त्याले!"

घरी त्यांनी माझ्या धडधाकट उजव्या गालाला एरंडेल चोळून शेक सुरू केला. रविवारी मला भिंतीशी असं बसवलं, की पाहुण्यांना फक्त 'चांगली' डावी बाजू दिसावी.

"हालू नको. बोलू तर बिलकुल नको!"

पाहुणे बराच वेळ माझ्याकडे रोखून बघत होते. मी चहाचा घोट घेतला, तेवढ्यात मुलीचे वडील उठले आणि त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यापुढून बोट फिरवलं. पापणी लवली नाही.

"पोराचा डोळा काचेचा हाय का हो?"

"काचेचा?" बाबा भडकले. "मिटून दाखव रे!"

मी सगळा जोर लावला. उजवा डोळा मिटला, तोंड कानापर्यंत गेलं, डावा डोळा पाहुण्यांकडे टक लावून राहिला आणि तोंडातला चहा त्यांच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर गेला!

"आधी तोंड जाग्यावर आणा," धोतर झटकत पाहुणे म्हणाले, "मंग बोलू."

मी बाबांना चुकवून सुया घेतल्या, संडासात बसून गाल फुगवले. हळूहळू तोंड परतलं आणि लग्नही झालं. (बाबा अजून श्रेय एरंडेलाला देतात.)

सासऱ्यांचा संशय मात्र फिटलेला नाही. अजूनही घरी आले की आधी माझ्या डाव्या डोळ्यापुढून बोट फिरवतात, मगच चहाला बसतात. तेही माझ्यापासून लांब. आणि मी, दोन लेकरांचा बाप, मुकाट्याने पापणी लववून दाखवतो!