तलासरीची खारी टाकी

तिसरी गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टाकीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"मावशी, ही पण?"

"हो," मी म्हटलं.

तलासरीत त्यांचा दातांचा दवाखाना आहे. आतल्या खोलीत मशीन फिरायला लागलं की बाहेर बसलेली पोरं आतल्यापेक्षा जास्त रडतात. म्हणून बाहेरच्या खोलीत टाकी ठेवायची होती, आणि ती समुद्राची हवी होती. खारं पाणी, दगड, त्यावर रंगीत प्रवाळ, दोन नारिंगी मासे.

माझं डहाणू रोडला माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. नवऱ्याने काढलं, तो गेल्यावर मी चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. दुकानात बसून माल विकण्यापेक्षा माझं जास्त काम बाहेर असतं. दवाखाने, हॉटेलं, चारोटीचे ढाबे, जिथे टाकी आहे तिथे जायचं, पाणी बदलायचं, काच घासायची, फिल्टर धुवायचा. पण तीस वर्षांत सगळं गोड्या पाण्याचं. खाऱ्या टाकीला मी कधी हात लावला नव्हता.

बाईंच्या मिस्टरांचं म्हणणं होतं की हे काम मुंबईच्या कंपनीला द्यावं. बाई म्हणाल्या, मावशी करतील. मीही हो म्हणून बसले. सत्तरीला टेकलेल्या बाईला नवीन काम कोण देतं? पण एक गोष्ट मला तेव्हाच कळत होती. ही टाकी मेली तर बाकीच्याही जाणार. तलासरीपासून डहाणूपर्यंतचे डॉक्टर एकमेकांना फोन करतात. म्हातारीला आता जमत नाही, एवढं एकदा कोणी म्हटलं की झालं.

टाकी दोन फुटांची. लोक विचारायचे, समुद्र दारात असताना पुडीतलं मीठ कशाला? आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, त्यात खाडीचा गाळ, गटारं. प्रवाळ त्यात जगत नाही. म्हणून आरओच्या शुद्ध पाण्यात टाकीसाठीचं खास मीठ कालवायचं. पहिलं पाणी मी तिथे टाकीतच कालवलं. खारेपणा बघायला एक नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. रेघ पस्तीसवर आली पाहिजे.

मग टाकी रिकामी ठेवायची. याला सायकल म्हणतात. दुधाला विरजण लावून ठेवतात तसंच. दगडात आणि वाळूत बारीक जंतू वाढावे लागतात, ते माशांची घाण खातात. ते नसतील तर त्या घाणीचा अमोनिया होतो आणि मासे मरतात. मी सहा आठवडे थांबले. समुद्रातला प्रवाळ काढायला बंदी आहे, म्हणून दगड सुरुवातीलाच बनवलेले घातले होते, आणि सहा आठवड्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच्या टाकीत वाढवलेले झोआ आणले. झोआ म्हणजे प्रवाळाचाच एक प्रकार, शर्टाच्या बटणाएवढी मऊ तोंडं, फुलासारखी उघडतात, हात लावला की मिटतात. सोबत दोन मासे, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि सहा गोगलगायी. गोगलगायी काचेवरचं शेवाळ खातात.

पहिला आठवडा सगळं नीट होतं. पोरं टाकीला नाक लावून बसायची. मग पहिल्यांदा मी थोडं पाणी बदललं, आणि दुसऱ्या दिवशी झोआ मिटले ते उघडेनात. कोळंबी मेली. दवाखान्यातली मदतनीस सविता म्हणाली, "काकी, एकीचं काय कालवण होणार? आणखी दोन-चार तरी मरू द्यायच्या." मी हसले नाही. तीही नंतर हसली नाही, कारण मग गोगलगायी पडायला लागल्या.

माझ्याकडे होत्या त्या सगळ्या टेस्ट मी केल्या. अमोनिया नाही. खारेपणा पस्तीस. पाण्याची उष्णता ठीक. मासे मजेत फिरत होते, खायला घातलं की वर येत होते. ह्याच गोष्टीने मला जास्त भीती वाटायची. पाणी खराब असेल तर आधी मासा मरतो, हे मला तीस वर्षांचं माहीत. इथे मासे धडधाकट आणि बाकीचं सगळं मरत चाललेलं.

मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, काही कळत नसेल तर पाणी बदला. मी बदललं. आठवड्यातून एकदाऐवजी दर दोन दिवसांनी. घरी आरओचं पाणी भरून त्यात मीठ कालवायचं, रात्रभर मुरू द्यायचं, आणि सकाळी डहाणूहून बसने चारोटी, तिथून दुसऱ्या गाडीने तलासरी. प्रत्येक बदलानंतर झोआ आणखी आवळले. मला वाटायचं, अजून कमी पडतंय. म्हणून आणखी पाणी.

पाणी मी हंड्यातच कालवायचे आणि हंड्यातूनच न्यायचे. लग्नात मामाने दिलेला तांब्याचा हंडा, तोंडाला झाकण घट्ट बांधायचं. कंडक्टर दर खेपेला विचारायचा, "आजी, आज कोणाचं लग्न?" हंडा घ्यायचं कारण होतं. चारोटीला निळी पिंपं स्वस्तात मिळतात, पण ती कारखान्यातली असतात, आधी त्यांत काय भरलेलं होतं देव जाणे. तसल्या पिंपातलं पाणी मी टाकीत घालणार नव्हते. तांब्यातलं पाणी चांगलं असतं, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. माझ्या आईने सगळ्यांना तेच पाजलं. वर मी हंडा प्रत्येक वेळी चिंचेने घासायचे, आतून बाहेरून, नव्यासारखा लाल होईपर्यंत. निष्काळजीपणा केला असं मला कोणी म्हणू शकत नव्हतं.

तिसरी गोगलगाय पडली तो बुधवार होता. बाई शांतपणे म्हणाल्या की सोमवारी मुंबईच्या कंपनीचा माणूस येतोय, मिस्टरांनी बोलावलंय.

"मग माझं काय?" मी विचारलं.

"तो काय म्हणतो ते बघू. मावशी, मला रोज सकाळी दार उघडताना भीती वाटते. पेशंटची पोरं विचारतात, कोळंबी कुठे गेली."

गुरुवारी मी गंजाडला भावाकडे गेले. तो तापाने पडला होता. मी त्याच्याजवळ बसले खरी, पण त्याच्या तापाचं काही ऐकलं नाही. डोक्यात टाकी. वहिनी मागच्या वाडीत चिकूच्या खोडांना निळसर काहीतरी फासत होती. मोरचूद आणि चुना, प्लास्टिकच्या बादलीत कालवलेला. आमच्याकडे सगळे लावतात, बुरशी येऊ नये म्हणून. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, यंदा गोगलगायी फार झाल्यात, पण हे लावलं की त्या खोडावर चढत नाहीत.

"का चढत नाहीत?"

"तांबं असतं ना ताई यात. मोरचूद म्हणजे तांबंच. गोगलगायीला ते चालत नाही. चढली तर मरते."

मी तिथेच दगडावर बसले. वहिनीला वाटलं मलाही ताप आला.

घरी येऊन आधी हंडा बघितला. आदल्या खेपेनंतर घासायचा राहिला होता. आत पाण्याची जी रेघ असते तिच्यावर हिरवी कड आली होती. दर वेळी मी चिंचेने ती काढून टाकत होते, आणि खाली कोरं तांबं उघडं करत होते. मग त्यात मिठाचं पाणी रात्रभर. मिठाचं पाणी तांब्याला खातं. तांबं त्या पाण्यात, ते पाणी टाकीत. माशांना तेवढं सोसत होतं, बाकीच्यांना नाही. आणि टाकी बिघडली म्हणून मी औषध समजून तेच दर दोन दिवसांनी ओतत होते.

पण हे नुसतं वाटून चालणार नव्हतं. मी दोन नवीन प्लास्टिकच्या बादल्या आणल्या. दोन्ही धुतल्या. एकीत बादलीतच मीठ कालवलं. दुसरीत हंड्यात कालवून रात्रभर ठेवलेलं पाणी ओतलं. मग शुक्रवारी तलासरीला जाऊन टाकीतल्या उरलेल्या तीन गोगलगायींपैकी दोन उचलून आणल्या आणि एकेका बादलीत सोडल्या. सविता म्हणाली, "काकी, बाईंना विचारलं का?" मी म्हटलं, उद्या सांगते.

शनिवारी सकाळी पहिल्या बादलीतली गोगलगाय कडेवर चढून वर आली होती. हंड्याच्या पाण्यातली तळाशी. तिला उलटी केली तरी हलली नाही. ती मी जाणूनबुजून मारली, हे मला मान्य आहे. त्याशिवाय कळलं नसतं.

त्याच दिवशी दवाखान्यात गेले. शनिवारी गर्दी असते. मी पेशंट संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. खरं सांगते, एकदा मनात आलं की मुकाट्याने बादली वापरायला लागावं आणि मीठ खराब निघालं असं सांगावं. पण मग मुंबईच्या माणसाने तांब्याची टेस्ट केली असती तर? आणि टेस्ट केली नसती, तर टाकीतलं तांबं कोणी काढलं असतं?

बाई बाहेर आल्या. मी म्हटलं, "टाकी मीच मारतेय. माझ्या हंड्याने."

सगळं सांगितलं. दोन बादल्यांचंही. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी स्वतः तांब्याच्या बाटलीतून पाणी पिते."

"पित राहा. तुम्ही गोगलगाय नाही."

मी त्यांना सांगितलं की मुंबईच्या माणसाला फोन करा, तांब्याची टेस्ट आणि पाण्यातला धातू शोषणारा पॅड घेऊन यायला सांगा. त्या दिवसापासून हंड्याचं पाणी बंद.

सोमवारी तो माणूस आला, बाईंचे मिस्टरही हजर होते. टेस्टच्या नळीत रंग आला. तांबं होतं. पांढरा पॅड फिल्टरमध्ये बसवला. बुधवारी काढला तेव्हा तो निळसर झाला होता, चिकूच्या खोडासारखा. पण सोमवारी मात्र पॅडचा रंग बदलेपर्यंत कोणी थांबलं नाही. तो माणूस मिस्टरांना म्हणाला, "साहेब, एवढी मोठी चूक? ह्यांच्या हातात टाकी ठेवणार?"

मिस्टर बाईंकडे बघायला लागले.

बाई म्हणाल्या, "चूक त्यांनी केली. शोधलीही त्यांनीच. तुम्ही पॅड आणलात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "महिनाभर, मावशी. महिन्यानंतर झोआ उघडले नाहीत तर मी ह्यांना बोलावणार. रागावू नका."

मी म्हटलं, ठीक आहे. रागवायचं काय त्यात.

त्या महिन्यात मी चार वेळा पॅड बदलला. पाणी बदललं ते बादलीतून. दगड तांबं धरून ठेवतात, म्हणून दोन दगड फेकून दिले. बादलीत वाचलेली गोगलगाय मी घरीच ठेवली होती. टेस्टच्या नळीत रंग यायचा थांबल्यावर तिला टाकीत सोडली आणि दोन दिवस वाट बघितली. ती काचेवर चढली आणि तिथेच राहिली. टाकीतच राहून गेलेली एक होती, ती मात्र आधीच मेली होती. झोआंच्या सात गुच्छांपैकी चार उघडले. तीन सडले, ते काढून टाकले. कोळंबी मी अजून आणलेली नाही. बाई विचारतात, मी म्हणते, थांबा.

हंडा घरी आहे. त्यातलं पाणी मी रोज पिते, मला काही झालेलं नाही. दवाखान्यात टाकीच्या शेजारी माझ्या हाताने लिहिलेला कागद लावलाय: टाकीत हात घालू नये, तांब्या-पितळेचं भांडं जवळ आणू नये. माझं अक्षर चांगलं नाही, पण वाचता येतं.