अक्काने वेचलेले दाणे

तांदूळ निवडायला बसले की ती केस हमखास माझ्यासमोर येऊन बसते.

तेव्हा मी पाचोऱ्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होते. आमच्या खानदेशात जेवण म्हणजे भाकरी. भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला. त्यामुळे रेशनचा तांदूळ घरात पडून राहतो. गरिबाचं पोट भरावं, बाजारात भाव आवाक्यात राहावा म्हणून सरकार तो देतं. पण बाजारात तांदूळ महागला की ठाण्याचा फोन जास्त वाजतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

तशीच, रेशनचा तांदूळ टेम्पोने काळ्या बाजारात चालल्याची खबर आली. नाकाबंदी लावून टेम्पो अडवला. गोण्या सगळ्या कोऱ्या. सरकारी शिक्क्याचं पोतं एकच, तेही मागे बसलेल्या एका म्हातारीचं. ती गल्लोगल्ली मुरमुरे द्यायची आणि बदल्यात रेशनचा तांदूळ घ्यायची. सगळे तिला अक्का म्हणत.

गोण्यांचा मालक धावत आला. “मॅडम, माझा माल खुल्या बाजारातला, पावती आहे. चोर ही बाई! हिलाच आत टाका.”

कागद त्याच्या बाजूने होते. अक्काला आरोपी करायचं की नाही, हे माझ्या लेखणीवर होतं.

पंचांसमोर त्याची एक गोणी फोडून ताटात ओतली. अक्का जवळच बसलेली. बायकांचा हात तांदळापुढे स्वस्थ राहत नाही. ती निवडायलाच लागली आणि एकदम हसली.

“शेठ, तुना तांदूयमाबी प्लास्टिकना दाना शेतस की! रेशनना तांदूयमा ऱ्हातस ना, तेच!”

मालकाचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मी पुरवठा निरीक्षकांना बोलावलं. ते म्हणाले, “हे प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, जीवनसत्त्वं घालून केलेले दाणे आहेत. सरकारी तांदळातच मिसळतात.” नमुने तपासणीला गेले. तासाभराच्या चौकशीत मालकाने रेशनचा तांदूळ कोऱ्या गोण्यांत भरल्याचं कबूल केलं.

अक्का मात्र हातातल्या दाण्यांकडे बघत म्हणाली, “मॅडम, मनी सून पोटुशी शे. दवाखानामा म्हनतस, रक्त कमी शे. आनि मी ते दाना निवडी निवडी फेकी दिनात.”

चूक तिचीही होती, कायद्याने आणि घरातही. पण तांदूळ दारापर्यंत पोचवणाऱ्यांनी त्यात काय घातलंय ते तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी तिचं नाव साक्षीदारांत लिहिलं. म्हटलं, “अक्का, आता वेचू नको. तसाच शिजव.”

पुढे कोर्टात ती कडेवर नात घेऊन आली. नात गुटगुटीत, सारखी शेठच्या वकिलाच्या काळ्या कोटाकडे झेपावणारी. वकिलाने विचारलं, “बाई, एवढ्या तांदळात ते दाणे तुम्ही ओळखले कसे?”

अक्का म्हणाली, “साहेब, सूनना ताटमाईन मी मना हातघाई फेकेल शेतस. कशा इसरसू?”

नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब लिहून घेतले मी. एवढा खरा एकही नव्हता, आणि तो द्यायला तिला कोणी भाग पाडलं नव्हतं.