ओट्याच्या दगडातला तामडा

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मी आणलेल्या दगडावर लाल ठिपके दिसले. कुणीतरी पानाची पिंक टाकली असणार, असं ठरवून मी तो घासणीने घासत बसलो. दंड भरून आले, ठिपका एकही गेला नाही. "डागाळलेल्या दगडावर मी पोळ्या लाटणार नाही. उद्या बसवायच्या आधी परत पाठवा," बायकोने बजावलं.

संध्याकाळी माझी भाची आली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. दगड बघून ती तिथेच उकिडवी बसली. "मामा, डाग कसले? तामडा आहे हा! अंगठीत घालतात तो लाल खडा, गार्नेट."

तिने सांगितलं ते असं. हा दगड मुळात चिखल होता. जमिनीच्या पोटात कित्येक कोस खोल गाडला गेला. वरून डोंगरांचं ओझं, खालून धग. तरी तो वितळला नाही, घट्टच राहून आतून बदलला आणि त्यात हे खडे वाढले. किती दाबाखाली किती तापला, हे त्या खड्यांच्या घडणीवरून आजही ताडता येतं.

मी तळहात टेकवला. दगड गार होता. आमचा सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला, तो तेव्हा वाहिलाही नव्हता. बघायला पृथ्वीवर एक डोळा नव्हता, आणि त्या अंधारात हे लाल दाणे सावकाश वाढत होते. माझं तर साहेबाने आवाज चढवला तरी पित्त उसळतं.

बायकोनेही हे सगळं ऐकलं होतं. भाची गेल्यावर तिने फडक्याने दगड पुसला. मग म्हणाली, "इतकं सोसून आलाय. आता कुठे परत पाठवता त्याला?"