नळी निघण्याआधी

अतिदक्षता विभागात रोज सकाळी वडिलांचं झोपेचं औषध थोडा वेळ थांबवतात. घरच्यांचा आवाज ऐकून व्हेंटिलेटरवरचा माणूस कमी घाबरतो का, याचा अभ्यास इथले डॉक्टर करताहेत. म्हणून मी खाटेजवळ बसून बोलायचं.

शेजारच्या खाटेजवळ बसणाऱ्या काकू नवऱ्याला खुशाल झापतात. "अहो, पुरे झाली झोप. पाण्याच्या टाकीचा बॉल अडकलाय, तो काय मी वर चढून काढू?" नवऱ्याच्या भुवया हलतात. बोलणं गोडच असावं लागतं असं नाही. ओळखीचं असलं की पुरत असावं.

मी मात्र पावसापाण्याचं बोलतो. वडील टक लावून बघतात. आईच्या शेवटच्या आजारपणात बोलावूनही मी आलो नाही. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विचारू दिलं नाही. खरं सांगायचं तर घशातल्या नळीमुळे त्यांना बोलता येत नाही, याचं मला बरंच वाटत होतं.

"आज नळी काढणार," सिस्टर म्हणाल्या. "आजोबा बोलतील आता. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"अण्णा," म्हटलं, "बोलता आलं की आधी आईचं विचारा. मी इथंच आहे."