जित्ता मध

“साहेब, तुमना मध जित्ता शे का?” नंदुरबारहून पारसभाईंचा फोन होता. “सकायपाशीन तीन बाटल्यास्ना झाकनं उडी ग्यात. एक ते मन्हा कपायवर बसनं.”

पारसभाईंचं किराण्याचं मोठं दुकान आहे. कुटुंब मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथे गेल्यामुळे रागावले की ते अहिराणीतच रागावतात. आमच्या संस्थेचा मध त्यांच्याकडे विकायला असायचा.

मी म्हणालो, “बाटल्या उन्हात ठेवल्या असतील.”

“देवना फोटोखाल ठेयेल शेतस. तठे कोठलं ऊन?”

मी सगळा माल परत मागवला आणि मनातून खूष झालो. कारण झाकण उडणं म्हणजे आत गॅस, गॅस म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे माझं काम.

मी सत्तावीस वर्षं दुधाच्या प्लांटमध्ये क्वालिटी कंट्रोलला होतो. दूध तापवायचं, थंड करायचं आणि त्यात कोण जिवंत उरलंय ते पाहायचं. कोणी उरलेलं दिसलं की प्लांटभर आरडाओरडा करायचा. रिटायर झाल्यावर तळोद्याच्या एका संस्थेने मला ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून घेतलं. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक इनक्युबेटर आणि घरून आणलेला प्रेशर कुकर. कुकर गेल्याबद्दल बायको अजून बोलते.

आता या मधाबद्दल. हा नेहमीच्या पोळ्याचा मध नव्हे. तळोद्याच्या वर डोंगरातल्या एका पाड्यावर बायकांचा बचत गट डंख नसलेल्या मधमाश्या पाळतो. माशी काळसर, मुंगीहून थोडी मोठी. झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या फटीत राहते. मेण आणि झाडाचा चीक कालवून बोराएवढी मडकी करते. काही मडक्यांत मध, काहींत पराग, म्हणजे फुलांतली पिवळी भुकटी. मध पातळ आणि आंबटगोड. एका पेटीतून जेमतेम वाटीभर निघतो, म्हणून त्याचं अप्रूप.

मी मध तपासला. त्यात पाणी नेहमीच्या मधापेक्षा कितीतरी जास्त. मग थेंबभर मध प्लेटवर पसरला. प्लेट म्हणजे जंतूंना आवडणारी जेली ओतलेली बशी. दोन दिवसांत तिच्यावर यीस्टचे पांढरे ठिपके उगवले. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं किण्व. सोबत दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंदही होते. दुधाच्या प्लांटमध्ये अशी प्लेट दिसली असती तर मी लाइन बंद पाडली असती.

संस्थेच्या प्रमुख वैशाली मॅडमच्या टेबलावर मी ती प्लेट ठेवली. “मॅडम, कंटॅमिनेशन आहे. सोर्सपासून.”

“म्हणजे बायका घाण हातांनी मध काढतात?”

“बायका नाही, माश्याच घाण आहेत. मडक्यांतच सगळं आंबलेलं आहे.”

“माश्या हजारो वर्षं तसंच करत असतील ना?”

“हो, पण त्यांना कोणी ट्रेनिंग दिलेलं नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मी खरंच म्हणालो. मॅडमच्या ते अजून लक्षात आहे.

पहिला उपाय म्हणून परत आलेला मध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास तापवला. दुधाला चालतं ते मधाला चालेल, असा हिशेब. झाकणं उडायची थांबली. पारसभाईंनी चमचाभर चाखून पाहिला.

“साहेब, आते गूळना पानीनागत लागस.”

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. चव हा माझा विभाग नव्हता.

दुसरा उपाय सोर्सवर. मी जीपने पाड्यावर गेलो. गटाच्या अध्यक्ष रमिलाबाई पावरा पन्नाशीच्या आहेत. घरी पावरी बोलतात, माझ्याशी आश्रमशाळेत शिकलेली मराठी, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. त्यांच्या अंगणात चार लाकडी पेट्या होत्या आणि गोठ्याच्या वळचणीला सालईचा एक पोकळ ओंडका टांगलेला होता. त्यातली वसाहत त्यांनी माहेरून आणलेली. लग्नातली भांडी गेली, माश्या राहिल्या, असं त्या सांगायच्या.

मी पहिली पेटी उघडली. परागाच्या मडक्यांतून भप्पकन आंबूस वास आला, उघड्या राहिलेल्या लोणच्यासारखा.

“हे सगळं काढून टाकायचं,” मी म्हणालो.

“काढू नका, साहेब. ते पोरांचं खाणं आहे.”

“कोणाच्या पोरांचं?”

“माश्यांच्या. अळ्यांना तेच घालतात.”

“पण ते सडलंय, रमिलाबाई.”

“सडलं नाही. मुरलं आहे.”

सडणं आणि मुरणं यांतला फरक मला, दह्याच्या बॅचवर सह्या केलेल्या माणसाला, एक बाई समजावत होती. मी हसलो आणि तिलाच जंतूंवर दहा मिनिटं भाषण दिलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. पाहुण्याला मध्येच तोडायची तिला सवय नसावी.

चारही पेट्यांतली परागाची मडकी मी खरवडून काढली. लाकूड स्पिरिटने पुसलं. बदली खाणं म्हणून कुकरमध्ये वाफवलेला पराग आणि उकळलेला साखरेचा पाक ठेवला. एकदम स्टराइल. मग ओंडक्याकडे वळलो, तर रमिलाबाई त्याच्यासमोर उभ्या.

“हा नाही.”

“ट्रीटमेंट सगळ्यांना सारखी हवी.”

“हा माझ्या आईचा आहे. हा नाही.”

आवाज चढलेला नव्हता, पण मी स्पिरिटची बाटली पिशवीत घातली. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं, ‘लाभार्थीचं सहकार्य अपुरं.’

तीन आठवड्यांनी वैशाली मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. “पाड्यावरून निरोप आहे. तुमच्या पेट्या बघायला या म्हणतात.”

“माझ्या पेट्या?”

“हो. रमिलाबाई आता त्यांना तुमच्या पेट्या म्हणायला लागल्यात.”

पहिली पेटी उघडली. माझ्या वाफवलेल्या परागावर हिरवी बुरशी, खाली चिलटांच्या अळ्यांची वळवळ. माश्या तळाशी मरून पडलेल्या. त्यांच्या मडक्यांत भरवायला काही नव्हतं. दुसऱ्या पेटीतही तेच. तिसऱ्या-चौथीत मूठभर माश्या जिवंत होत्या, राणी होती, पण नवीन अळ्या जवळपास नव्हत्या. पलीकडे ओंडक्याच्या तोंडाशी नेहमीसारखी ये-जा चाललेली.

रमिलाबाई मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मेलेल्या माश्या कागदावर झाडून घेतल्या, पेटी उन्हात पालथी घातली आणि विचारलं, “चहा घेणार?” मी चहा घेतला.

कप ठेवून मी म्हणालो, “चूक माझी आहे.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

ओंडक्यातल्या एका मडक्यातला चिमूटभर पराग मी मागून घेतला. या वेळी खरंच मागून. लॅबमध्ये प्लेटवर त्याची एक रेघ ओढली आणि भोवती पेट्यांतली हिरवी बुरशी पेरली. चार दिवसांनी पाहिलं, तर बुरशी सगळीकडे पसरली होती, फक्त रेघेच्या आसपास काचेसारखी स्वच्छ पट्टी. बुरशी तिथे येऊन थांबली होती.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे वाचलं. या माश्या पराग मडक्यात भरतात आणि त्यांच्या अंगाखांद्यावरचे जंतू त्याला आंबवतात. आंबटपणामुळे बुरशी लागत नाही आणि टणक पराग पचायला सोपा होतो. लोणचं घालायचं तंत्रच ते, फक्त बरणी मेणाची. मी सोर्सवर जाऊन शोधलेले गुन्हेगार तिथले वॉचमन आणि स्वयंपाकी निघाले. मी त्यांना स्पिरिटने पुसून काढलं होतं.

पुन्हा पाड्यावर गेलो. रमिलाबाईंना प्लेट दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

“ही रेघ म्हणजे आमच्या ओंडक्यातली?”

“हो.”

“मग आता उरलेल्या दोघींना हेच द्यायचं.”

हाच सल्ला द्यायला मी तीस किलोमीटर आलो होतो.

त्यांनी कोयत्याच्या टोकाने ओंडक्यातली परागाची सात-आठ मडकी न फोडता सोडवली. मी हात पुढे केला.

“तुम्ही ताट धरा,” त्या म्हणाल्या.

मी ताट धरलं. दोन्ही पेट्यांत त्यांनी मडकी ठेवली आणि फटी शेणमातीने लिंपल्या. महिन्याभरात दोन्हींत नवीन अळ्या दिसल्या. जंतू पेट्यांत परत आले म्हणून वसाहती वाचल्या की रमिलाबाईंच्या हातामुळे, हे मी सिद्ध करू शकत नाही. तुलनेला एक पेटी मडक्यांशिवाय तशीच ठेवायला हवी होती. पण तसं सुचवायची माझी छाती झाली नाही.

राहिला झाकणांचा प्रश्न. ताट धरलं त्या दिवशी निघताना मी सहज विचारलं, “घरचा मध कसा ठेवता?”

“मडक्यात. वर फडकं बांधायचं. फसफस संपली, शांत झाला, की मग भरायचा. दोन-तीन महिने लागतात.”

“मग आमच्या बाटल्या तशा का नाही भरल्या?”

त्यांनी आत जाऊन ट्रंकेतून प्लास्टिकच्या कव्हरमधला कागद आणला. संस्थेची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत. मुद्दा क्रमांक चार: ‘मध काढल्याच्या दिवशीच बाटलीत भरून झाकण घट्ट लावावे.’ खाली माझी सही, तारीख, शिक्का.

आता गटाचा मध आधी फडकं बांधून शांत होतो, मग बाटलीत जातो. पारसभाईंकडे एकही झाकण उडालेलं नाही. पुढच्या वर्षी रमिलाबाईंनी ओंडक्यातली वसाहत वाटून रिकाम्या दोन पेट्या भरल्या. मुहूर्त मला कळवला नाही. सगळं झाल्यावर कळवलं.

नवशिक्या मुलामुलींनी सल्ला विचारला तर मी एवढंच सांगतो. मारायला निघण्याआधी आत कोण राहतं आणि काय काम करतं, ते तिथे आधीपासून असलेल्या माणसाला विचारा. प्लेट नंतर लावा.

या प्रकरणाचा शेवटचा रिपोर्ट वैशाली मॅडमना दिला, तेव्हा त्या वाचता वाचता थांबल्या.

“‘वसाहती नष्ट होण्यास जबाबदार घटक’ या रकान्यात तुम्ही ‘तांत्रिक सल्लागार’ लिहिलंय. इथे जंतूचं नाव लिहायचं असतं.”

“तेच लिहिलंय, मॅडम.”

मॅडमनी सही केली. काहीही दुरुस्त न करता.